सिलिंडर किती दिवस गेला

स्वयंपाकघराच्या दारामागं
खडूनं लिहून ठेवते मी तारीख,
नवा सिलिंडर लावला त्या दिवसाची.
खाली गेल्या वेळचा आकडा: चोपन्न.
त्याखाली, खोडून पुन्हा लिहिलेला: सत्तावन्न.

भिंतीपलीकडं ताहेराभाभी.
तिच्या दारामागंही खडू.
कादराबादच्या या गल्लीत
आमची दोघींची पैज एवढ्या एकाच गोष्टीवर,
हरली तिनं दुसरीला
ओंजळभर शेंगदाणे द्यायचे, निवडलेले.

डाळ रात्रीच भिजत घालायची.
एक शिट्टी झाली की गॅस बंद,
आणि कुकर गुंडाळायचा भानुदासच्या जुन्या कांबळ्यात,
बाळंतिणीला वारं लागू देत नाहीत तसा.
आत डाळ आपली आपण शिजते.
आंघोळीचं पाणी पत्र्यावर, काळ्या कॅनमध्ये;
जालन्याच्या उन्हाचं बिल
अजून कुणी पाठवत नाही.
मुरमुऱ्यांची सुशीला तर
कढईच्या उरल्या ऊबेवर होते.

भानुदास म्हणतो, तू सरकारात पाहिजे होतीस.
मी म्हणते, तिथं सिलिंडर फुकट,
माझं काय काम?

मागल्या पावसाळ्यात ताहेराभाभी म्हणाली, एकसष्ट.
दिवाळी झाल्यावर म्हणाली, बहात्तर.
शेंगदाणे दिले मी,
पण खोटं कशाला बोलू, जीव जळला.
संध्याकाळचा चहा सोडला.
दोन्ही वेळच्या भाकरी सकाळीच थापू लागले.
रात्री भानुदास ती वाळकी भाकरी
येसरच्या आमटीत कुस्करून खायचा,
काही बोलायचा नाही.
तरी माझे साठच.

संक्रांत गेली, शिवरात्र जवळ आली,
तिच्या दारामागं तीच तारीख.
एकोणनव्वद.
म्हटलं, हिनं काहीतरी हातचं राखलंय,
मला न सांगितलेली एखादी युक्ती.

ती युक्ती बघायलाच गेले एका दुपारी,
विरजण मागायच्या निमित्तानं.
शेगडी लख्ख पुसलेली.
इतकी लख्ख,
की दोन वेळा रांधणाऱ्या घरात
शेगडी तशी राहत नाही.
ओट्यावर कागदात चार टोस्ट.
चहाच्या भांड्याचा तळ कोरडा.
आणि दाराशी मुनीरभाईंचे बूट, रोलिंग मिलमधले,
ठिणग्यांनी भोकं पडलेले,
भर दुपारी दोनला,
पाळीवर असायचे ते बूट.

मिल दिवाळीआधीच बंद पडली होती.
गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.
मलाही माहीत होतं.
फक्त मी ते
तिच्या आकड्याशी कधी जोडलं नव्हतं.

विरजण नव्हतंच.
मी म्हटलं, "भाभी, आमचा गॅस आज संपला बघा.
नंबर लावलाय, पण आठ दिवस काही यायचा नाही.
तुमच्या शेगडीवर आमची डाळ शिजवू का?
तुमचा संपला की मग माझ्याकडं.
एका जाळावर दोन घरं होतील."
ती बघत राहिली माझ्याकडं.
हिशेबात ती माझ्याहून पक्की आहे,
माझ्या दारामागची तारीख तिला तोंडपाठ.
मग पदर खोचत म्हणाली,
"पीठ तुमचं, पण थापणार मी.
तुमची भाकरी कडेला जाड राहते."

दोन्ही घरची पातेली भरून
उरलेली आमटी कुणाची, हे कुणी विचारलं नाही.

रात्री भानुदासनं विचारलं, संपला?
दारामागं वाकून तारीख वाचली.
एकवीस दिवस.
एका हातानं सिलिंडर उचलायला गेला,
दुसराही हात लावावा लागला.
पुन्हा खाली ठेवला हळूच,
फरशीवर वाजू न देता,
भिंतीपलीकडं ऐकू जाऊ नये असा.

"संपलाय," म्हणाला.